प्रवासाहून परतल्यावर अंगाला सुटणारी खाज : कारणे आणि काळजी

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी त्वचारोग विभागाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानासाठी हृदयविकार, कर्करोग, मूत्रपिंडाचे विकार असे गंभीर विषय निवडण्याचा प्रघात आहे. यंदा हा मान आमच्या विभागाला मिळाला, तेव्हा आम्ही जाणीवपूर्वक एक लहान वाटणारा विषय निवडला : प्रवासाहून परतल्यावर, अंग उन्हाने रापलेले असताना त्वचेवर उठणारे पुरळ आणि त्याची खाज. खाजेने कुणी दगावत नाही, म्हणून घरात तिला आजाराचा दर्जा मिळत नाही. परंतु ज्याची रात्र रात्र झोप उडते, जो चारचौघांत बसू शकत नाही, ज्या मुलाला शाळेत शेजारचा मुलगा बाक सोडून दूर बसतो, त्याला विचारावे की हा आजार लहान की मोठा.

आमच्या बाह्यरुग्ण विभागाला स्वतःचे ऋतू आहेत. मे महिन्याच्या अखेरीस कोकण आणि गोवा येथून परतलेली कुटुंबे येतात. आषाढी एकादशीनंतर वारकरी येतात. दिवाळीच्या सुटीनंतर सहलीची मुले येतात, तर चारधाम यात्रेहून आलेली मंडळी सोललेली नाके आणि काळवंडलेले गाल घेऊन येतात. या सर्वांच्या तोंडी बहुधा एकच वाक्य असते : “डॉक्टर, उन्हाने झालंय.” आजचे आमचे सारे बोलणे या एका वाक्याभोवती आहे. ते कधी खरे असते, कधी अर्धे खरे असते आणि कधी साफ चुकीचे असते. या तिन्हींतला फरक ओळखणे हेच आमचे काम. येथे जी उदाहरणे देत आहोत, त्यांतील तपशील ओळख पटू नये अशा बेताने बदलले आहेत.

त्वचा का रापते?

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोहोचतात. एक प्रकार त्वचेच्या वरच्या थराला भाजतो; खिडकीची साधी काच तो अडवते. दुसरा अधिक खोल जातो, काचेतून आणि ढगांतूनही बऱ्याच अंशी पार होतो. या किरणांनी पेशींतील आनुवंशिक द्रव्याला इजा होऊ लागली की त्वचा मेलॅनिन हे रंगद्रव्य अधिक तयार करते आणि पेशींवर त्याचे छत्र धरते. आपण ज्याला रापणे म्हणतो, ते हेच. म्हणजे रापलेली त्वचा ही उन्हाने ‘कमावलेली’ तब्येत नव्हे; इजा झाल्यावर उभारलेला तो बचाव आहे. आपली त्वचा सावळी असल्याने हा बचाव गोऱ्या त्वचेपेक्षा भक्कम असतो हे खरे. तथापि तो अभेद्य नाही.

प्रवासात आणखी एक गोष्ट घडते. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरणांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते. केदारनाथ साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. त्यात ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत किरण परावर्तित करतो. हवा थंड असल्याने चटका जाणवत नाही आणि यात्रेकरू टोपी काढून ठेवतो. समुद्रकिनाऱ्यावर वाळू आणि फेसाळलेले पाणीही काही किरण परत फेकतात. त्यामुळे छत्रीखाली बसलेल्यालाही ऊन लागते.

जेथे दोष खरोखर उन्हाचा असतो

पहिला प्रकार साध्या भाजण्याचा. उन्हात गेल्यावर तीन ते पाच तासांनी त्वचा लाल किंवा गडद होते, हात लावला तर दुखते आणि एका दिवसात हा त्रास कळसाला पोहोचतो. पुढे चार-पाच दिवसांनी साल निघू लागते तेव्हा खाज येते. ही खाज बरे होण्याची असते. गार पाण्याच्या घड्या, साधे खोबरेल किंवा सौम्य मलम आणि भरपूर पाणी एवढ्याने ती शमते.

दुसरा प्रकार आम्ही सर्वाधिक पाहतो. त्याला वैद्यकीय भाषेत बहुरूपी प्रकाश-पुरळ म्हणता येईल. उन्हात गेल्यावर काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी मानेच्या मागे, गळ्याच्या उघड्या भागावर, हातांच्या बाहेरच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढे पुष्कळ दाणे उठतात आणि विलक्षण खाजतात. चेहरा बऱ्याचदा सुटतो, कारण त्याला बारा महिने उन्हाची सवय असते. पोलक्याच्या बाहीखाली रेघ मारल्याप्रमाणे पुरळ थांबते. ही रेघच निदान सांगते. हे पुरळ दरवर्षी उन्हाळ्याच्या आरंभी परतते आणि पुढे ऊन अंगवळणी पडले की कमी होते. एका शिक्षिकेने आम्हांस सांगितले, “मी तर गाडीत काचा लावून बसले होते.” काचेतून पार होणाऱ्या किरणांची गोष्ट तिला समजावली तेव्हा तिचे सात वर्षांचे कोडे सुटले.

तिसरा प्रकार औषधांमुळे होणारा. काही औषधे घेत असताना त्वचा उन्हाला हळवी होते. पावसाळ्यात पुराच्या पाण्यातून चालावे लागल्यास लेप्टोस्पायरोसिसला प्रतिबंध म्हणून, तर काही वेळा हिवतापाच्या प्रदेशात जाताना, डॉक्सीसायक्लिन हे औषध दिले जाते. ते त्यांपैकी एक. रक्तदाबासाठीची लघवी वाढवणारी काही औषधे, काही वेदनाशामके आणि गजकर्णावर दिले जाणारे ग्रिसिओफल्विन हीही या यादीत येतात. म्हणून आम्ही प्रत्येक रुग्णाला गोळ्यांची पाकिटे सोबत आणण्यास सांगतो. मात्र कुणीही आजचे ऐकून रक्तदाबाची गोळी आपण होऊन बंद करू नये. डॉक्टरांना दाखवावे, पर्याय असतात.

चौथा प्रकार ऐकून आपणांस नवल वाटेल. एका सहा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर आणि दंडावर पाच बोटांचे काळे ठसे उमटले होते. शाळेत बाईंना शंका आली, की घरी कुणी मारते की काय. आईला रडू आवरेना. चौकशी केली तेव्हा कळले की तीन दिवसांपूर्वी सर्वजण समुद्रकिनारी गेले होते. आईने लिंबाचे सरबत केले आणि त्याच हातांनी पोहायला निघालेल्या उघड्या मुलाला उचलून घेतले. लिंबाच्या रसातील विशिष्ट द्रव्यावर ऊन पडले की त्वचा भाजल्यासारखी होते. एक-दोन दिवसांनी जळजळ, लाली, कधी फोड आणि मग आठवडे किंवा महिने टिकणारा काळा डाग. ओघळाचे, थेंबाचे, बोटांचे आकार हुबेहूब उमटतात. कोडावर उन्हाच्या साहाय्याने जी बावची वापरली जाते, तिच्यातही याच जातीचे द्रव्य आहे. तेच द्रव्य वैद्याच्या हाती औषध ठरते आणि सहलीत अपघात घडवते. त्या शाळेला आम्ही दोन ओळींचे पत्र लिहून दिले. त्या पत्राएवढा मोठा उपचार त्या दिवशी दुसरा नव्हता.

जेथे ऊन केवळ साक्षीदार असते

पुष्कळदा ऊन आणि पुरळ एकाच सहलीत भेटतात, एवढाच त्यांचा संबंध असतो.

घामोळे सर्वांच्या परिचयाचे. घामाच्या नलिका तुंबल्या की पाठीवर, छातीवर, कपडा घट्ट बसतो तेथे टोचणारे बारीक पुरळ येते. ते झाकलेल्या भागावर येते, तर उन्हाचे पुरळ उघड्या भागावर. एवढा एक फरक ध्यानात ठेवला तरी निम्मे निदान घरीच होते.

वाळूत अनवाणी चालणाऱ्याच्या तळपायावर कधी लाल, वळणावळणाची रेघ उमटते आणि रोज थोडी पुढे सरकते. कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतून वाळूत आलेल्या अंकुशकृमीच्या अळीचा तो माग असतो. माणसाच्या त्वचेत तिला पुढची वाट सापडत नाही, म्हणून ती तेथेच भटकते. योग्य गोळीने ती मरते. सुईने काढण्याचा प्रयत्न करू नये. पावसाळ्यात किनाऱ्याला निळे फुग्यासारखे समुद्रजीव लागतात. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर अनेकांना त्यांचा दंश झाला होता. त्यांचे तंतू चाबकाच्या वळासारखे उमटतात. वाळूत निपचित पडलेल्या त्या जीवालाही मुलांना हात लावू देऊ नये.

पावसाळी रात्री दिव्याशी येणारा, मुंगीसारखा दिसणारा, नारिंगी-काळा किडा चावत नाही. परंतु मानेवर बसला असता आपण तो चिरडतो आणि त्याच्या अंगातील विषारी द्रव त्वचेवर पसरतो. दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा पट्टा दिसतो. कोपराच्या वळणात चिरडला असेल तर समोरासमोर दोन सारखे डाग उमटतात. तो फुंकरीने उडवावा, चिरडू नये.

वनस्पतींत बिब्ब्याचे नाव घेतले पाहिजे. त्याचा चीक लागून बिब्बा उतला की काय होते, हे खेड्यातील माणसाला सांगावे लागत नाही. शहरातील माणसाला मात्र गाजरगवत अधिक छळते. १९५० च्या दशकाच्या मध्यास पुण्यात नोंदले गेलेले हे परदेशी तण पुढे देशभर पसरले. त्याचे सुकलेले कण वाऱ्याबरोबर उडतात आणि पापण्या, मान, कोपराच्या खाचा येथे त्वचा लाल, जाड व खाजरी होते. उन्हाने हा विकार आणखी चिघळतो. त्यामुळे रुग्ण उन्हाला दोष देत राहतो आणि अंगणातले गवत तसेच वाढत राहते.

प्रवासातून सोबत आलेले पाहुणे

आता दोन आजार असे सांगतो, की ज्यांत विलंबाची किंमत साऱ्या घराला मोजावी लागते.

एक आजी श्रावणात आमच्याकडे आल्या. मान आणि हात रापून काळे झालेले. आषाढीला पायी पंढरपूरला जाऊन आलेल्या. अंगभर खाज, रात्री अधिक. घरच्यांनी ‘उन्हाची उष्णता’ म्हणून सब्जा, गुलकंद, चंदनाचा लेप असे सारे केले होते. आम्ही त्यांच्या बोटांच्या बेचक्या, मनगटे आणि कमरेचा भाग पाहिला.

“आजी, घरात आणखी कुणाला खाज आहे?”

“धाकट्या नातवाला हाय. अन् सूनबाईला बी आता सुरू झाली.”

ती खरूज होती. त्वचेत बीळ करून राहणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढ्या दिसू शकणाऱ्या किडीचा हा आजार आहे. १६८७ मध्ये इटलीत बोनोमो आणि चेस्टोनी यांनी या किडीचा खाजेशी असलेला संबंध दाखवून दिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये तिचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुरू होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून मुक्कामाची गर्दी आषाढातली आणि खाज श्रावणातली! मधल्या काळात रुग्णाला काही जाणवत नाही, पण कीड मात्र एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जात असते.

हे सांगताच आजींचा चेहरा उतरला. “इठ्ठलाच्या दारातून कुनी रोग घिऊन येतं का, डॉक्टर?” आम्ही म्हणालो, “आजी, हा रोग देवाच्या दारातला नाही, दाटीवाटीने झोपण्याचा आहे. वसतिगृहात होतो, तुरुंगात होतो, बोटीवर होतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.”

खरजेचा उपचार सोपा आहे, पण तो अर्धवट केला तर केला न केल्यासारखाच. पाच टक्के परमेथ्रिनचे मलम रात्री मानेपासून तळपायांपर्यंत, बोटांच्या बेचक्यांत व नखांखालीही लावून सकाळी धुवायचे आणि सुमारे आठवड्याने पुन्हा लावायचे. तान्ही मुले व गरोदर स्त्रिया यांच्यासाठी डॉक्टरांच्या सूचना वेगळ्या असू शकतात. खाज असो वा नसो, घरातील सर्वांनी एकाच रात्री हे करायचे. कपडे व पांघरुणे गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवायची. जे धुता येत नाही ते आठवडाभर पिशवीत बांधून ठेवायचे. कीड मेल्यानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, हे आधी सांगितले नाही तर रुग्ण औषधावरचा विश्वास गमावतो. खाजवून झालेल्या जखमांत विशिष्ट जंतू शिरले तर मुलांच्या मूत्रपिंडांना सूज येऊ शकते. तेव्हा ‘नुसती खाज’ हा शब्दप्रयोग येथे फार महाग पडतो.

आजींच्या घरात आठ माणसे. त्यांच्या मुलाने मलमाची किंमत विचारली आणि मग हळूच म्हणाला, “सध्या आईपुरतं द्या, बाकीच्यांचं पुढच्या महिन्यात बघतो.” त्याची अडचण खोटी नव्हती, पण आईपुरते औषध दिले असते तर ते पैसे पाण्यात गेले असते. धर्मादाय निधीतून आठही जणांचे औषध त्याच दिवशी दिले. देणगीदारहो, आपल्या पैशाचे काय होते, असे कुणी विचारले तर हे उत्तर देता येईल.

दुसरा आजार गजकर्ण, ज्याला नायटाही म्हणतात. लांबच्या प्रवासात घामाने भिजलेले घट्ट कपडे, एकच टॉवेल, न वाळलेली अंतर्वस्त्रे यांतून जांघेत व कमरेला कडेने वाढत जाणारी गोल चकंदळे उठतात. पूर्वी हा आजार साध्या मलमाने दोन-चार आठवड्यांत जाई. गेल्या काही वर्षांत तो देशभर हट्टी झाला आहे. २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ या नावाने वेगळी ओळखली गेलेली बुरशी नेहमीच्या औषधाला अनेकदा दाद देत नाही. त्यास दुकानातून परस्पर घेतलेल्या मलमांचा हातभार लागतो. या मलमांत जहाल स्टेरॉईड असते. त्याने दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते आणि माणूस दुकानदाराला दुवा देतो. आत बुरशी मात्र निर्धास्त पसरत राहते, कारण तिच्याशी लढणारी शरीराची यंत्रणाच झोपवलेली असते. महिन्यांनी त्वचा पातळ होते, जांघेत कायमचे पांढरट चिरे पडतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टेरॉईड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांच्या अनुसूचीत घातली. कायदा झाला, परंतु ‘खाजेचं एक ट्यूब द्या’ हे वाक्य अद्याप दुकानात ऐकू येते. ते आपल्या तोंडून तरी निघू नये, एवढी विनंती.

रापल्यावर उघड होणारे डाग

कित्येकदा ऊन आजार निर्माण करीत नाही, लपलेला आजार दाखवून देते. सभोवतालची त्वचा रापून गडद झाली, की फिका डाग ठळक दिसू लागतो. तो बहुधा शिब्यांचा असतो. घामट त्वचेवरची ती निरुपद्रवी बुरशी. कधी तो कोडाचा आरंभ असतो. आणि कधी तो कुष्ठरोगाचा असतो. कुष्ठरोगाचा डाग सहसा खाजत नाही. उलट तेथे स्पर्श, गरम-गार कळेनासे होते. खाजरे पुरळ दाखवायला आलेल्या एका बस वाहकाच्या पाठीवर असा मुका डाग आम्हांला सापडला. ज्या खाजेसाठी तो आला ती आठवड्यात गेली. ज्याची त्याला जाणीव नव्हती तो आजार वेळीच हाती लागला. या आजारावरील बहुविध औषधोपचार शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतो आणि तो लवकर सुरू झाला तर हातापायांना विकृती येत नाही. म्हणून आमच्याकडे कुणी मनगट दाखवले तरी आम्ही पाठ पाहतो. कृपया त्याचा राग मानू नये.

आमची एक चूक

आजवर दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या. आता स्वतःची सांगतो. वार्षिक अहवालात केवळ यश छापावे असा नियम नाही.

काही वर्षांपूर्वी महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी कोकणच्या सहलीहून परतल्यावर गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर लाल पुरळ घेऊन आली. ती म्हणाली, “उन्हाने झालंय.” त्या दिवशी रांग दाराबाहेर गेली होती. आम्हीही म्हणालो, “हो, उन्हानंच.” उन्हापासून बचावाचे मलम लिहून दिले आणि पुढच्या रुग्णाला बोलावले. चार महिन्यांनी ती पुन्हा आली तेव्हा तिचे पाय सुजले होते आणि लघवीतून प्रथिने जात होती. तिला ल्युपस हा आजार होता, ज्यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर उलटते. तो तरुण स्त्रियांत पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो आणि ऊन लागल्याने चाळवतो. त्यामुळे ‘उन्हाने झाले’ हे तिचे म्हणणे खोटे नव्हते. ते अपुरे होते. ते पुरे करण्याचे काम आमचे होते आणि ते आम्ही केले नाही. सांधे दुखतात का, केस फार गळतात का, तोंडात वारंवार व्रण येतात का, थकवा येतो का, या चार प्रश्नांना दोन मिनिटे लागली असती. लघवीची साधी तपासणी त्याच दिवशी झाली असती.

तिचे मूत्रपिंड वाचले. ती आज उपचार घेत आहे आणि नोकरीही करते. तिच्या वडिलांनी आम्हांला कधी दोष दिला नाही, ते फक्त एकदा म्हणाले, “साहेब, त्या दिवशी गर्दी फार होती.” हे वाक्य आम्हांला कोणत्याही तक्रारीपेक्षा अधिक लागले. तेव्हापासून ते चार प्रश्न लिहिलेला कागद आमच्या तपासणीच्या टेबलावर काचेखाली आहे. गर्दी कितीही असो, उन्हाचे पुरळ म्हणून आलेल्या प्रत्येकाला ते विचारल्याखेरीज चिठ्ठी लिहिली जात नाही.

केव्हा थांबू नये

काही लक्षणे दिसली तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये. पुरळाबरोबर ताप असेल, तर डेंग्यूचा विचार करावा लागतो. त्यात ताप उतरत असताना तळहात-तळपायांना खाज सुटून अंगभर लाली येऊ शकते. ताप आहे आणि अंगावर कोठे सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली आहे, तर तो गवतातील किड्यांपासून होणारा स्क्रब टायफस असू शकतो. ट्रेकिंगला किंवा शेतात गेला होता, हे डॉक्टरांना अवश्य सांगावे. ओठ वा पापण्या सुजणे, श्वास लागणे, आवाज बसणे ही अंगावर पित्त उठण्यातील धोक्याची खूण आहे. नवे औषध सुरू केल्यानंतर तोंडात, डोळ्यांत व्रण आले किंवा त्वचा दुखून सोलू लागली, तर ते औषध घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. यांपैकी कशासाठीही सकाळच्या रांगेची वाट पाहू नये. आकस्मिक विभाग रात्रीही उघडा असतो.

प्रवासापूर्वी आणि परतल्यावर

उपाय महागडे नाहीत. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत शक्य तेवढी सावली धरावी. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, डोक्याला फेटा किंवा रुंद काठाची टोपी, मानेवर उपरणे किंवा ओढणी ही आपल्या पूर्वजांची साधने आजही कोणत्याही मलमाहून भरवशाची आहेत. मलम वापरायचे तर तीस किंवा अधिक संरक्षणांकाचे, बाहेर पडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे, सढळ हाताने लावावे आणि दर दोन तासांनी, तसेच पोहून आल्यावर पुन्हा लावावे. लिंबू पिळल्यावर हात धुवावेत. वाळूत चप्पल घालावी. मुक्कामी स्वतःची चादर आणि टॉवेल वापरावा.

पुरळ उठलेच, तर त्यावर लिंबू, चुना, बिब्बा, तीव्र जंतुनाशक द्रव यांपैकी काही लावू नये. गार पाण्याची घडी आणि कॅलामाइन पुरेसे आहे. मोबाईल फोनवर पुरळाचे छायाचित्र काढून ठेवावे. रुग्णालयात येईपर्यंत ते कित्येकदा मावळलेले असते. आणि येताना पाच गोष्टींची उत्तरे सोबत आणावीत : पुरळ प्रथम कोठे उठले, उन्हात गेल्यापासून किती तासांनी किंवा दिवसांनी, झाकलेल्या भागावर आहे काय, घरात आणखी कुणाला आहे काय आणि कोणती औषधे व मलमे वापरली. संकोचाने मलमाचे नाव लपवू नये. आमच्या विषयात महागड्या यंत्रांपेक्षा या पाच उत्तरांनी अधिक निदाने झाली आहेत.

समारोप

देणगीदार आणि विश्वस्तहो, त्वचारोग विभागासाठी कोनशिला बसवावी असे भव्य काही आम्हांला लागत नाही. आम्हांला लागते ती एका रुग्णामागे आणखी पाच मिनिटे देता येतील एवढी माणसे, आणि एकाच्या चिठ्ठीवर साऱ्या घराला औषध देता येईल एवढा निधी. हे दोन्ही आपण देत आला आहात. आमची प्रार्थना एवढीच, की त्यात खंड पडू नये. आणि रुग्णांच्या आप्तेष्टांना सांगणे असे, की घरातील कुणी खाजेची तक्रार केली तर ‘उन्हाने झालं असेल’ म्हणून विषय संपवू नका. त्याची पाठ पाहा, त्याला चार प्रश्न विचारा आणि त्याला येथे घेऊन या.

त्या वारकरी आजी पुढच्या वर्षीही पायी गेल्या. जाण्यापूर्वी एका सकाळी विभागात येऊन त्यांनी आपली नवी चादर आम्हांला उलगडून दाखवली. “ह्या वक्ताला माझी मी घिऊन चालले,” असे त्या म्हणाल्या. आजच्या व्याख्यानाचे सार त्यांना आमच्याआधी कळले होते.